शकुंतलेच्या एका छोट्या स्टेशनवर दिवे लावायचे आहेत

खिडकीपाशी | १२ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवर पॉइंट्समन होते. ही आपली अडीच फुटी नॅरोगेज, शकुंतला. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. गाडी आता बंद आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि भाऊ आबाजींच्या क्वार्टरवर जायचो. कारंज्याच्या बाजूचं ते स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, एक कडुनिंब, पाण्याचा रांजण आणि दोन सिग्नल. संध्याकाळ झाली की आबाजी घासलेटची बाटली आणि फडकं घेऊन निघायचे, काचा पुसायचे, वाती कातरायचे आणि शिडीवर चढून सिग्नलचा दिवा ठेवून यायचे. तो दिवा लांबून दिसायचा तेव्हा आजूबाजूला दुसरा एकही उजेड नसायचा.

लेकाला (वय १०) दोन वर्षांपूर्वी ९ मिलिमीटरच्या रुळांचा आगगाडीचा सेट मिळाला. आता चार बाय अडीच फुटांच्या प्लायवर आम्ही दोघं मिळून आबाजींचं स्टेशन करतोय, १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. खोली झाली, कडुनिंब झाला, रुळांना माती-गिट्टी लावून झाली. दिव्यांपाशी अडकलोय.

पहिला दिव्याचा खांब केला तो ५ मिमी.च्या पांढऱ्या एलईडीचा. लावल्याबरोबर वाटलं की स्टेशनवर क्रिकेटचा सामना आहे. लेक म्हणाला, "आई, पणजोबांच्या दिव्यात वाचता यायचं का?" मला आठवलं, यायचं नाही. दिव्याच्या अगदी खाली तिकिटावरचा आकडा कसाबसा दिसायचा. तेवढाच उजेड मला हवा आहे.

तर मदत हवी आहे ती अशी: एलईडी कोणता आणि किती मंद करायचा, हाताने हलणाऱ्या सिग्नलमध्ये दिवा कसा बसवायचा, आणि सगळ्याला वीज कुठून द्यायची? पाट रात्री पलंगाखाली सरकवावा लागतो, त्यामुळे खांब काढता-घालता यायला हवेत. सध्या विचार असा आहे की प्रत्येक खांबाच्या बुडाशी छोटं चुंबक आणि खोलीच्या खाली एक बटण-सेल.

---

तारवाला | १२ जून, रात्री ११:०२

काय सुंदर विषय आणलात ताई!

आधी विजेचं सांगतो. रुळांमधली वीज दिव्यांना अजिबात देऊ नका. तुमचा साधा डीसी सेट असणार. त्यात रेग्युलेटर फिरवला की रुळांतला दाब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत बदलतो आणि गाडी उलटी नेली की धन-ऋणही उलटतात. गाडी थांबली की अख्खं स्टेशन अंधारात जाईल. दिव्यांसाठी वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. सीसीटीव्हीचे दोन अँपिअरचे मिळतात तेवढा मोठा नको, अर्ध्या अँपिअरचा भरपूर झाला. पाटाखालून दोन जाड तारा, एक लाल एक काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या. प्रत्येक दिवा त्यांनाच जोडायचा.

आता मंद करण्याचं. एलईडीच्या पाकिटावर २० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा असते. आपल्या कामाला त्याच्या पन्नासाव्या भागातही भागतं. गणित सोपं आहे: अडॅप्टरच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे आणि हव्या त्या करंटने भागायचं. पिवळसर पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातो, राहिले ९. त्याला २२ किलो-ओहमचा रेझिस्टर लावलात तर ०.४ मिलिअँपिअर वाहतो. आकडा बघून वाटेल की दिवा लागणारच नाही. खोलीतला दिवा बंद करून बघा आणि मग सांगा.

आकार: ३ मिमी.चा एलईडी ८७ पट मोठा केला तर २६ सेंटिमीटरचा गोळा होतो. तुमचा ५ मिमी.वाला म्हणजे जवळजवळ ४४ सेंटिमीटर, म्हणून तो सामन्याचा दिवा वाटला. '०६०३' नावाचा चपटा एलईडी मागा, तो १.६ बाय ०.८ मिमी. असतो. रंग 'वॉर्म व्हाइट' सांगा. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल.

---

रानपाखरू | १३ जून, सकाळी ७:२०

वाचनखूण साठवली. आबाजींचा परिच्छेद दोनदा वाचला.

---

मापात_राहा | १३ जून, सकाळी ९:४५

एक शंका. ९ मिमी.चे रूळ म्हणजे एन गेज, त्याचं प्रमाण १:१६०. मग वरती ८७ चा हिशेब का चाललाय? दिवे आणि माणसं गाडीच्या दुप्पट मोठी दिसतील.

---

खिडकीपाशी | १३ जून, दुपारी १:३०

@मापात_राहा, ९ मिमी. रूळ ब्रॉडगेज किंवा स्टँडर्ड गेज समजलात तर तुमचं बरोबर आहे. शकुंतलेचा गेज ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक! हे मला कळलं त्या दिवशीच मी स्टेशन करायला घेतलं. युरोपात अडीच फुटी गाड्यांचे नमुने याच पद्धतीने करतात, १:८७ प्रमाण आणि ९ मिमी. रूळ. आपली बार्शी लाइट रेल्वेही ७६२ चीच होती, तीही अशी करता येईल. इंजिन एन गेजचं आहे, पण फक्त खालची चाकं आणि मोटार वापरली, वरचं धूड पुठ्ठ्याचं आम्ही केलं.

दिव्यांची उंची मी माणसावरून काढते. साडेपाच फुटी माणूस १९ मिमी.चा होतो. त्याच्या हाताला न लागणारा, पण शिडीशिवाय टांगता येणारा कंदील ३० मिमी.वर. सिग्नल सात मीटरचा धरला, ८० मिमी.

@तारवाला, २२ किलोचा करून पाहिला. रात्री साडेअकराला पंखाही बंद करून आम्ही दोघं त्या एका ठिपक्याकडे बघत बसलो होतो. अगदी तसाच. मनापासून आभार.

---

मापात_राहा | १३ जून, दुपारी २:०५

पटलं. नॅरोगेजचा विचार केलाच नव्हता. पुढचे फोटो आवर्जून टाका.

---

डबल_यलो | १३ जून, रात्री ८:५०

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची पहिली दहा वर्षं हातपट्टीच्या, म्हणजे सेमाफोर सिग्नलांवर गेली. त्यामुळे या धाग्यावर दोन शब्द लिहायचा मोह आवरत नाही.

बेटा, तुझ्या सिग्नलला लाल आणि हिरवा असे दोन एलईडी लावू नकोस. खऱ्या सिग्नलात दिवा एकच असतो आणि तो जागचा हलत नाही. पट्टीच्या मुळाशी चष्म्यासारखी चौकट असते, तिच्यात दोन काचा. पट्टी आडवी असली की लाल काच दिव्यासमोर, पट्टी खाली झुकली की दुसरी काच दिव्यासमोर. रंग बदलतो तो काच सरकल्यामुळे. तूही तसंच कर. दोनच तारा वर न्याव्या लागतील, बटण लागणार नाही आणि मुलाला सिग्नल कसा चालायचा ते न सांगता कळेल.

दुसरी काच हिरवी नसायची, निळसर असायची. दिवसा हातात धरली तर नवशिका म्हणायचा, साहेब चुकीची काच आली. घासलेटची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळसर काच धरली की ड्रायव्हरला हिरवं दिसतं. हिरव्याच काचेतून पिवळी ज्योत दिसली असती ती मळकट पिवळट. म्हणून तुझा एलईडी पिवळसर हवा आणि काच निळी-हिरवी. पांढराशुभ्र एलईडी घेतलास तर ती काच निळीच दिसेल.

आणखी एक गोष्ट, जी नमुना करणारे बहुतेक विसरतात. दिव्याच्या घराला मागच्या बाजूने एक बारीक भोक असायचं. त्यातून पांढरा ठिपका स्टेशनच्या दिशेने दिसायचा. पट्टी आडवी असताना ठिपका दिसणार, पट्टी पाडली की एक पत्रा त्याच्या आड येणार. स्टेशनवाल्याला अंधारात सिग्नलची पाठच दिसते ना, त्याला त्यावरून कळायचं की दिवा जळतोय आणि पट्टी कुठे आहे. तुझ्या आबाजींची नजर रोज रात्री त्या ठिपक्यावर असणार.

पट्टी ओढायच्या तारेला वजन असू दे. तार तुटली तर पट्टी आपोआप आडवी, म्हणजे 'थांबा'वर आली पाहिजे. खेळण्यातही हे असावं असं माझं मत आहे.

---

खिडकीपाशी | १३ जून, रात्री ११:१०

काका, तो ठिपका! मी विसरले होते. आबाजी जेवताना दारातून वळून बघायचे, आई म्हणायची, "बाबा, सिग्नल कुठे पळून जात नाही." ते काय बघायचे ते आज कळलं.

---

एल्बेकाठी | १४ जून, पहाटे ३:४०

मी हाम्बुर्गला असते. इथलं मिनिआटूर वुंडरलांड, म्हणजे छोट्या रेल्वेंचं मोठं प्रदर्शन, २००१ पासून आहे, माझ्या मुलींबरोबर किती वेळा गेले ते मोजलं नाही. तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. छतातले दिवे हळूहळू उतरतात आणि मग घरं, गाड्या, कारखाने उजळतात. एक गोष्ट तुमच्या कामाची वाटली: तिथली रात्र काळीकुट्ट नसते. वरून गडद निळा उजेड कायम असतो, त्यामुळे डोंगर, झाडांचे आकार दिसत राहतात आणि पिवळे दिवे जास्त पिवळे वाटतात. तुमच्या पाटावर निळ्या जिलेटिन पेपरमागे एखादा मंद दिवा टांगून बघा.

इथे फीसमान, फालर वगैरे कंपन्यांचे तयार खांब दुकानात सहज मिळतात. पण ते सगळे इथल्या स्टेशनांचे, नक्षीदार, बाकदार. आपल्याकडच्या स्टेशनला शोभेल असा एकही मला दिसला नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः करताय हेच बरं.

---

सुईदोरा | १४ जून, सकाळी १०:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धागा आवडला, पण पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यासाठी थांबून लिहिते आहे.

बटण-सेल आणि छोटी चुंबकं, दोन्ही कृपया वापरू नका. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, तो गिळणार नाही. पण घरात भाचरं येतात, शेजारची दोन वर्षांची मुलगी येते. नाण्याएवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. सेल बाहेर निघाल्यावरही जखम वाढत राहते. दोन चुंबकं वेगवेगळ्या वेळी गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

सेल लावायचाच असेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत. त्यापेक्षा अडॅप्टर बरा, आणि तोही चांगल्या प्रतीचा, कारण घरच्या विजेपासून बाराला वेगळं ठेवण्याचं काम तोच करतो. विजेवरच्या खेळण्यांसाठी आपल्याकडे आयएस १५६४४ हे मानक आहे, त्यात २४ व्होल्टची मर्यादा आहे. तुमचे १२ त्यात बसतात.

---

खिडकीपाशी | १४ जून, सकाळी ११:०५

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. माझ्या बहिणीची मुलगी दीड वर्षाची आहे आणि दर रविवारी इथे असते. चुंबकांचं पाकीट आत्ता कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. सेलचा विचार रद्द.

पण मग खांब काढता-घालता कसे येतील?

---

तारवाला | १४ जून, दुपारी १२:४०

माझीही चूक झाली, परवा विजेचं एवढं लिहिलं आणि त्या वाक्यावर बोललो नाही.

उपाय आहे. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला वरून लावतात ती कॅप बघा, दोन टिचबटणं असलेली. एक कॅप पाटात पक्की बसवायची, दुसरी खांबाच्या बुडाशी. दाबली की टचकन बसते, ओढली की निघते. एका बाजूला मोठं आणि एका बाजूला लहान बटण असल्यामुळे उलटी लागतच नाही. सुटी राहिली तर लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते, म्हणून खांबाला चांगली चिकटवा. १:८७ मध्ये ती मोठी दिसेल, म्हणून पाटाला खाच पाडून आत बसवा आणि खांबाच्या बाजूच्या कॅपवर माती-गवताची चकती चिकटवा.

यात एक फसगत आहे. कॅपला लाल-काळ्या तारा असतात त्या बॅटरीच्या हिशेबाने. कॅपला कॅप लावली की लहान बटण मोठ्यात जातं आणि पाटाकडच्या लाल तारेची वीज खांबाकडच्या काळ्या तारेत येते. रंगावर विसंबून जोडलंत तर एकही दिवा लागणार नाही आणि तुम्ही एलईडी जळाला म्हणून नवा लावत बसाल. माझा एक अख्खा रविवार यात गेला आहे. खांबाच्या बाजूला काळी तार धन समजा आणि लगेच तिच्यावर लाल टेप गुंडाळा.

पाटाखालच्या लाल तारेत, अडॅप्टरच्या जवळच, एक पॉलिफ्यूज टाका, २५० मिलिअँपिअरचा चालेल. कुठे तारेला तार चिकटली तर तो तापून वीज अडवतो आणि वीज बंद करून थंड झाला की पुन्हा चालू होतो.

---

खिडकीपाशी | १७ जून, रात्री ९:२५

तीन दिवस धाग्यावर येता आलं नाही, हात कामात होते. काय जमलं ते लिहिते.

खांब: मोडक्या छत्रीच्या काड्या. छत्रीची काडी आडव्या छेदात यू आकाराची असते, त्या खाचेत दोन तारा बसतात आणि बाहेरून दिसतही नाहीत. आमच्याकडे जुन्या रुळांचेच तुकडे उभे करून खांब केलेले असायचे, ही काडी रंगवल्यावर तशीच दिसते. एका छत्रीत आठ खांब.

दिव्यावरची पत्र्याची टोपी: आईच्या शिवणाच्या डब्यात भरतकामाच्या वाटीसारख्या टिकल्या होत्या, ४ मिमी.च्या. ८७ पट केल्या की ३५ सेंटिमीटर, आणि तार घालायला मधोमध भोक आयतं. बाहेरून गडद हिरवा रंग दिला, आतून पांढरा. टिकली प्लॅस्टिकची असल्याने आधी सोल्डरिंग पूर्ण करून तारा वरून ओवल्या आणि मग थेंबभर गोंद.

तार: मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून ३८ नंबरची तार आणली, केसापेक्षा थोडी जाड. तिच्यावरचा लॅकर नुसत्या गरम टोकाने जात नाही, ब्लेडने खरवडावा लागतो. हे कळेपर्यंत सहा जोड सुटले. ०६०३ एलईडी लाकडी पट्टीवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर उलटा चिकटवला की हलत नाही. तारेच्या टोकाला आधी कथील लावून घ्यायचं आणि मग क्षणभर टेकवायचं. लेकाचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. शेवटचे चार त्याने केले, मी फक्त शेजारी बसून होते.

खोली: आत दिवा लावला तर भिंतीच चमकायला लागल्या, पुठ्ठ्यातून उजेड झिरपत होता. आतून दोन हात काळा रंग, त्यावर पांढरा. आता उजेड फक्त खिडकीतून आणि दाराच्या फटीतून येतो.

सिग्नल: काका, एकच दिवा आणि हलत्या काचा. काचा म्हणजे जुन्या ओएचपी शीटचे (पारदर्शक प्लॅस्टिकचे) तुकडे, त्यावर ग्लास पेंट. निळ्यात हिरवा मिसळत गेलो, पाचव्या वेळी जमलं. टेबलावर तो तुकडा निळाच वाटतो, दिव्यासमोर गेला की हिरवा! लेक पन्नास वेळा पट्टी वरखाली करून बघत होता. मागचं भोक सुईने पाडलं. पट्टीला शिशाचा छोटा मणी बांधलाय वजन म्हणून, दोरा सोडला की पट्टी आडवी होते. मणी नंतर नळीत बंद केला, डॉक्टरांचं वाचल्यापासून प्रत्येक सुट्या तुकड्याकडे तसंच बघते आहे.

@तारवाला, लाल टेपचं आधी वाचलं म्हणून वाचले.

---

कोडवाला_पोऱ्या | १७ जून, रात्री १०:१०

ताई, भारी! एक सुचवू? कंदील म्हणजे ज्योत, ती थरथरणार. आठ पायांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर घ्या, त्यात उजेड कमी-जास्त करणारा दहा ओळींचा प्रोग्राम टाका. मी लिहून देतो. सगळे कंदील लुकलुकतील, जिवंत वाटेल.

---

डबल_यलो | १८ जून, सकाळी ६:३०

मुला, तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण इथे माझा विरोध आहे. कंदिलाला काच असते ती ज्योत थरथरू नये म्हणूनच. वात नीट कातरलेली, काच पुसलेली आणि घासलेट स्वच्छ असेल तर ज्योत स्थिर असते. सिग्नलचा दिवा लुकलुकला तर तो बिघाड. तो पाजळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारला जायचा. तिच्या आबाजींच्या स्टेशनवर लुकलुकणारे दिवे दाखवले तर ते आपलं काम नीट करत नव्हते असा अर्थ होईल.

---

कोडवाला_पोऱ्या | १८ जून, सकाळी ९:१५

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, काका. मागे घेतो.

मग क्वार्टरच्या मागे चूल आहे का? तिथे हवीच ना थरथर?

---

खिडकीपाशी | १८ जून, दुपारी १:५०

चूल आहे! अंगणात, तुळशीच्या पलीकडे. आजी संध्याकाळी भाकरी तिथेच करायची. तुझा प्रोग्राम तिथे लावू. एक नारिंगी, एक लाल, आणि दोघांची लय वेगळी असू दे. भाकरी उलटताना ज्योत क्षणभर मोठी दिसते, तेही जमलं तर बघ.

काकांचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांच्या दिव्याला कधी काजळी नसायची."

---

तारवाला | १८ जून, रात्री ८:०५

गाडीच्या मागच्या लाल दिव्याचं कुणी विचारलं नाही, पण तो हवा. शेवटचा डबा पाठीमागे लाल दिवा मिरवत गेला की गाडी अख्खी गेली असं स्टेशनवाल्याला कळतं.

हा एकच दिवा रुळांवरून घ्यावा लागेल. चाकांवरून वीज उचला, चार डायोडचा ब्रिज लावा म्हणजे गाडी उलटी गेली तरी चालेल. पुढे १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅराडचा २५ व्होल्टचा कपॅसिटर, त्यावर १० किलो-ओहम आणि लाल एलईडी. रुळांवर धूळ असली की वीज क्षणभर तुटते आणि दिवा मिचमिचतो, ते कपॅसिटर सांभाळून घेतो. गाडी थांबवलीत तरी चार-पाच सेकंद दिवा रेंगाळून मग विझेल. कपॅसिटर करंगळीएवढा आहे, पार्सलच्या डब्यात मावेल. तुमचे डबे पुठ्ठ्याचे आहेत म्हणून सांगतो, उलट्या दिशेने जोडू नका, तो फुगतो. पट्टी असलेली बाजू ऋण.

---

रानपाखरू | १८ जून, रात्री ९:३०

पुण्यात कुणी असेल तर मुलाला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जरूर न्या. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते गाव १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, खांब, पूल, सगळ्यात दिवे आहेत. माझ्या भाच्याने तिथून घरी आल्यावर पहिल्यांदा सोल्डरिंग गन मागितली.

---

खिडकीपाशी | २३ जून, रात्री ११:४५

काल रात्री पहिल्यांदा सगळे दिवे एकत्र लावले. एकूण अकरा: सहा खांब, खोलीत एक, सिग्नलचे दोन, क्वार्टरच्या ओसरीत एक आणि गाडीच्या पाठीमागचा लाल. चूल अजून व्हायची आहे. एल्बेकाठी म्हणाली तसा निळा जिलेटिन पेपर पडद्याच्या दांडीवरून सोडला. त्याचा एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, कडुनिंबाची सावली आभाळावर दिसायला लागली.

रेझिस्टर कुणाला हवे असतील तर: कंदिलांना २२ किलो, खोलीतल्याला ३३ किलो, सिग्नलना १० किलो, कारण काच बराच उजेड खाते. अकरातले दहा दिवे अडॅप्टरवर, ते सगळे मिळून पाच मिलिअँपिअरही घेत नाहीत.

आईला हाक मारली. ती खुर्चीवर न बसता खाली पाटाच्या उंचीला बसली. लेकाने सिग्नल पाडला, गाडी आली, थांबली, गेली. लाल दिवा वळणापलीकडे गेल्यावर त्याने दोरा सोडला, मागचा पांढरा ठिपका परत दिसायला लागला. आईने बोट दाखवून विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" काका, तुमचं नाव मला माहीत नाही, 'सिग्नलवाले काका' एवढंच सांगितलं.

मग ती म्हणाली, एक दिवा राहिला. खोलीच्या दाराशी, खिळ्याला, बाबांचा हातदिवा असायचा. फिरवला की लाल, हिरवा, पांढरा.

खरा हातदिवा पाऊण फूट धरला तर १:८७ मध्ये अडीच मिलिमीटर होतो. ०६०३ त्यात बसेल, पण मग बाकी दिवाच दिसणार नाही. काय करावं?

---

तारवाला | २४ जून, सकाळी ७:१०

०४०२ घ्या, १ बाय अर्धा मिमी. माझ्याकडे वॉर्म व्हाइटची पट्टी पडून आहे, पंधरा-वीस असतील. निरोपातून पत्ता कळवा, पोस्टाने पाठवतो. तार ४२ नंबरची लागेल, तीही गुंडाळून देतो.

---

डबल_यलो | २४ जून, सकाळी ७:४०

खिळ्याला टांगलेला हातदिवा पांढऱ्यावर ठेव. लाल-हिरवा करायचा तो हातात घेतल्यावर. आणि कडी वर असू दे, उभी. टांगल्यावर ती तशीच राहते.